रंगाला चार मतं

सर्व आप्तेष्ट, शेजारी आणि माझ्या कर्तबगारीबद्दल आजवर शंका बाळगून असलेले सर्व सज्जन यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पोर्ट लुईसजवळच्या व्हाकोआ येथील एका पत्र्याच्या छपराच्या घरात, या बेटावरचा पहिला घरी बांधलेला खेळाचा कॉम्प्युटर जन्माला आला आणि तो बांधणारा महापुरुष मी आहे. पहिला असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. तो पहिला नव्हता याचा पुरावा तुमच्याकडेही नाही. तेव्हा पुढे जाऊ.

ही ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो आणि सरकारी कारकुनाच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. आमच्या घरात सरकारी नोकरी म्हणजे अंगावरच्या कपड्यांसारखी गोष्ट. ती नसेल तर माणसाने दारापुढे उभं राहू नये. बाबा स्वतः हेडक्लार्क. मी मात्र दुपारी बस पकडून बो बासेंला जायचो आणि एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तारांना कथलाचे डाग देत बसायचो. तिथले उस्ताद रेडिओ, पंखे, इस्त्र्या सगळं उघडत, फक्त टीव्ही उघडत नसत. "बंद केला तरी त्याच्या पोटात करंट दबा धरून बसतो," म्हणत. मी खूश होतो, उस्तादही खूश होते. पगार नाव घेण्याइतका नव्हता, म्हणून बाबांसमोर त्याचं नाव कधी घेतलं नाही.

आता बाबांविषयी एक सांगायला हवं. ते पुष्कळ वर्षं आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते आणि ती सवय घरी आली होती. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची सभा व्हायची. भिंतीला कोणता रंग द्यायचा, लग्नाला कोणी जायचं, कुत्रा पाळायचा की नाही, सगळ्याला सूचक, अनुमोदक, हात वर. एका लांबट वहीत बाबा ठराव लिहीत. एकदा वहीत उतरलं की झालं. आई म्हणायची, "माझं लग्न या वहीच्या आधी झालं म्हणून वाचले."

एका रविवारी बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, पितोंहून काकूसह जेवायला आले. उत्तरेला उसाच्या शेतांच्या मधोमध पितों, तिथे काकांचं खिळे, दोर, कोयते आणि रंगाच्या डब्यांचं दुकान. काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी वरणात लिंबू पिळता पिळता सांगून टाकलं, "दादा, याला माझ्याकडे पाठव. दुकानात बसेल. पुढे त्याचंच आहे."

बाबांचा चेहरा उजळला. आईचाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पुढची चाळीस वर्षं उभी राहिली. मी, खिळे, आणि खिळे मागायला आलेला माणूस. तोंडात भात असतानाच मी बोलून गेलो, "मला नाही जमणार. मी कॉम्प्युटर बांधतोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही स्वतःकडे पाहिलं असतं, तसं करता आलं असतं तर. कारण तोवर माझ्याकडे कॉम्प्युटरच्या नावाने एकच वस्तू होती: लंडनला नर्स असलेल्या ताईने पाठवलेलं एक मासिक, त्यात घरी कॉम्प्युटर कसा बांधावा याचा नकाशा आणि सुट्या भागांची यादी.

"तो काय करतो?" काकूने विचारलं.

"त्यावर खेळ खेळता येतात. टीव्हीवर. रंगीत."

रंगीत हा शब्द मी का वापरला, देव जाणे. बाबांनी वही मागवली. सभा तिथेच, ताटं उचलण्याआधी. ठराव असा झाला: चिरंजीवांनी गणपती विसर्जनाला निघण्यापूर्वी, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, सर्वांना दिसेल असा रंगीत खेळ स्वतः बांधलेल्या यंत्रावर दाखवावा. दाखवल्यास चिरंजीव बो बासेंच्या रेडिओ दुकानात राहण्यास मोकळे. न दाखवल्यास सोमवारपासून पितों. सूचक काका, अनुमोदक आई. मी हात वर केला नाही, तरी बाबा म्हणाले, "एकमताने." 

गणपतीला पाच महिने होते.

खरी शोकांतिका सुरू झाली ती भाग निवडताना. मासिकातली यादी वाचायला फार गोड. अमुक चिप, तमुक चिप, असा कळफलक, तशी पेटी. सगळं घेतलं तर त्या किमतीत काकांचं दुकान आलं असतं, खिळ्यांसकट. म्हणून मी ताईला निळ्या हवाईपत्रावर लिहायचो की काय स्वस्त पडेल ते बघ. ती हॉस्पिटलच्या जेवणाच्या सुट्टीत दुकानं पालथी घालायची. आणि तीन आठवड्यांनी तिचं उत्तर यायचं. तोवर मी काय विचारलं होतं तेच विसरलेलो असायचो. एकदा तिचं अख्खं पत्र "हो, पण काळा नाही, तपकिरी मिळेल" एवढंच होतं. ते कशाबद्दल होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग आलं ते ऐतिहासिक पत्र. ताईने लिहिलं होतं: "मुख्य बोर्ड घेतला. उरलेल्यात एकच येईल. एकतर जास्तीची मेमरी घे, नाहीतर रंगाचं छोटं बोर्ड घे. दोन्ही येणार नाही. लवकर कळव, दुकानदार माझ्याकडे संशयाने बघायला लागलाय."

मला उत्तर ठाऊक होतं. मेमरी. मेमरी म्हणजे यंत्राचं डोकं. ती नसेल तर खेळात काही मांडताच येत नाही. हे मी शांतपणे, एकट्याने ठरवून लिहायला हवं होतं. पण पत्र बाबांच्या हाती पडलं होतं आणि काका-काकू नेमके आलेले. वही निघाली. बाबा अध्यक्ष, म्हणून त्यांना मत नाही.

मी मेमरीच्या बाजूने भाषण केलं. हातवारे केले. म्हणालो, "समजा एक माणूस आहे, त्याला सगळं दिसतं पण लक्षात काहीच राहत नाही."

"तुझ्या काकांसारखा," काकू म्हणाली.

"पण ठरावात रंगीत लिहिलंय," बाबा म्हणाले. "मेमरीचा उल्लेख नाही."

आई म्हणाली, "काळापांढरा टीव्ही आपल्याकडे आहेच की तुझ्या खोलीत. मग एवढं लंडनहून कशाला आणायचं?"

रंगाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर आईचा हात वर गेला, काकांचा गेला, काकूचे तर दोन्ही गेले, एक खाली करावा लागला. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ठरावात रंगीत लिहिलं होतं, आणि तो शब्द माझाच होता. मी हात वर केला. माझ्याच विरुद्ध माझं मत. रंगाला चार मतं, मेमरीला शून्य. बाबांनी वहीत लिहिलं आणि खाली बारीकशी रेघ मारली.

बाकीचे भाग इथेच जमवायचे होते. कळफलक नवा घेणं शक्यच नव्हतं. पोर्ट लुईसला एक बंद पडलेला छापखाना सामान काढत होता, तिथून अक्षरजुळणीच्या यंत्राचा कळफलक उचलून आणला. छान, जड, बसक्या कळांचा. फक्त तो फ्रेंच होता, आणि फ्रेंच कळफलकावर अक्षरं भलत्याच जागी असतात. मी ए दाबलं की यंत्र क्यू म्हणायचं. आईच्या कपाटातली चिकटपट्टी कापून मी प्रत्येक कळेवर नवं अक्षर लिहिलं. व्हाकोआच्या ओल्या हवेत, जिथे धुतलेला शर्ट चार दिवस दोरीवर विचार करत राहतो, तिथे चिकटपट्टी किती टिकणार? रोज सकाळी चार-पाच अक्षरं खाली पडलेली असायची. आई केर काढताना हाका मारायची, "अरे, हा एम कुणाचा?"

ट्रान्सफॉर्मर उस्तादांनी जुन्या रेडिओतला दिला. तो इतका तापायचा की शेजारची मांजर माझ्या खोलीत राहायलाच आली. पेटी म्हणून आईने बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा दिला. आतून पुठ्ठा लावला, नाहीतर पत्र्याला तार लागली की संपलं. प्लगचा तर मी अभिमानाने विचार केला होता. आमच्याकडे अर्ध्या भिंतींना इंग्रजी तीन पायांची भोकं आणि अर्ध्यांना फ्रेंच दोन पायांची. मी दोन्ही प्रकारचे प्लग तयार ठेवले. म्हटलं, या बेटावर इंग्रजांनी काय सोडलं आणि फ्रेंचांनी काय सोडलं, हे ज्याच्या ध्यानात राहतं तोच खरा कारागीर. हे वाक्य मी उस्तादांनाही ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. दोघेही मूर्ख.

रंगाचं बोर्ड लंडनहून परतलेल्या ओळखीच्या एका बाईंच्या पेटीतून, लोकरी मोज्यात गुंडाळून आलं. मी ते बसवलं आणि माझ्या खोलीतल्या जुन्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला यंत्र जोडलं. पडद्यावर एक पांढरा चौकोन लुकलुकला. मी मांजरीला उचलून नाचलो. तिला ते आवडलं नाही.

आता खेळ. खेळ मी स्वतःच लिहिला: घोड्यांची शर्यत. काका दर शनिवारी पोर्ट लुईसला शर्यतीला जायचे आणि माझ्या हयातीत त्यांचा घोडा एकदाही जिंकला नव्हता. काकू म्हणायची, "यांचा घोडा पोचेपर्यंत पुढच्या शनिवारचे घोडे निघतात." म्हटलं, शर्यत पाहिली की काका विरघळतील. पण मेमरी इतकी कमी की घोडा काढला तर शेपटीला जागा उरेना, आणि आकडे घालायचं नावच नको. शेवटी तिन्ही घोडे म्हणजे तीन एकसारखे ठोकळे झाले. फरक फक्त रंगाचा: एक लाल, एक हिरवा, एक निळा. खऱ्या घोड्यांसारखे ते धावताना आपापली रांग सोडून वरखाली सरकायचे. ते माझं खास कौशल्य. आणि शेवटी, जिंकलेल्याचं नाव लिहायला जागा नसल्यामुळे, त्याच्या रंगाने अख्खा पडदा भरून जायचा. लाल जिंकला की सगळं लाल. काय ती कल्पना! माझ्या टीव्हीवर अर्थातच सगळं राखाडी दिसायचं. त्यात काही वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. रंग दिवाणखान्यातल्या टीव्हीवर दिसणार होते, आणि त्या टीव्हीच्या पाठीला हात लावायला बाबांनी ठरलेल्या दिवसापर्यंत मनाई केली होती.

गणपती आले. दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. घरात पंचवीस-तीस माणसं, मोदकांचा वास, अंगणात ढोलकी तापवणं चाललेलं. जेवणं झाल्यावर बाबांनी वही काखेत मारली आणि म्हणाले, "हं. सुरू कर."

मी बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला. लोकांनी वाट दिली. मूर्तीला नमस्कार केला, टीव्हीवरचा लेसचा रुमाल बाजूला ठेवला, तार जोडली, प्लग लावला. दोन पायांचा, बरोबर बसला. पडदा उजळला. तीन घोडे ओळीत उभे.

तिन्ही राखाडी.

मी बटणं फिरवली. रंगाचं बटण पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे. डब्यावर थाप मारली. टीव्हीवर थाप मारली, तेव्हा बाबा खाकरले. सरकारी टीव्ही केंद्राचं चित्र लावून पाहिलं तर बाई निळ्या साडीत, लाल टिकली, झकास रंगीत. परत माझे घोडे लावले. राख.

मी टीव्हीच्या मागे रांगत गेलो. तिथे एक पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर फ्रेंचमध्ये, अगदी सभ्यपणे, लिहिलं होतं की हा टीव्ही फ्रेंच पद्धतीच्या रंगांसाठी बनवलेला आहे. बेटावरचं प्रक्षेपण फ्रेंच पद्धतीचं, टीव्ही फ्रेंच पद्धतीचे. माझं रंगाचं बोर्ड लंडनचं. ते बिचारं इंग्रजी पद्धतीने ओरडून सांगत होतं की हा लाल, हा हिरवा, आणि टीव्हीला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. आकार कळले, रंग नाही. प्लगचा विचार केला होता, कळफलकाचा केला होता. रंगालाही देश असतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्यासाठी मेमरी सोडली तोच या बेटावर दिसणार नव्हता. त्या धुळीत, गुडघ्यांवर, मला खिळ्यांचा वास यायला लागला.

"काय झालं?" पलीकडून बाबांचा आवाज.

"काही नाही," मी म्हणालो.

मी बाहेर आलो आणि निर्लज्जपणे जाहीर केलं, "आपापला घोडा निवडा. लाल, हिरवा, निळा."

"कुठला लाल?" आईने विचारलं.

"सुरुवातीला वरचा. मग ते जागा बदलतात."

"मग कळणार कसं?"

"लक्ष ठेवायचं," मी म्हणालो.

काका पुढे सरसावले. "मी लाल. पण काहीतरी लावलं पाहिजे, नुसतीच कसली शर्यत?"

"देवासमोर पैज नाही," बाबा म्हणाले.

"मोदक लावू," काकू म्हणाली. "मोदक म्हणजे प्रसाद. मी हिरवा. पाच मोदक."

मी कळ दाबली. ठोकळे निघाले. पहिल्या चार पावलांतच ते एकमेकांत मिसळले आणि कोण कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मला तर मुळीच नाही, आणि बांधले होते मीच. उत्साह वाढला की आमच्या घरातली मराठी बेटावरच्या क्रेओल बोलीकडे झुकते, काका माझा घोडा, माझा घोडा म्हणून "मो सुवाल! मो सुवाल!" ओरडत उभे राहिले. काकूही तोच ठोकळा दाखवून तेच ओरडत होती. एक ठोकळा पुढे गेला. रेषा ओलांडली. पडदा विजेत्याच्या रंगाने भरून गेला. म्हणजे राखेने.

काकांनी दोन्ही हात वर केले.

"जिंकलो!" काका म्हणाले.

"तुम्ही? तो माझा होता. मधून वर आला तो."

"मधून वर आला तो लालच! मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. अरे, जिंकलो मी!" काकांनी काकूच्या ताटलीतले मोदक उचलले. काकूने अर्धे परत ओढले. अंगणातून कुणीतरी म्हणालं की आमच्या मते निळा जिंकला. परत शर्यत लावली. परत काका जिंकले. काकूही जिंकली. तिसऱ्या वेळी आईसुद्धा जिंकली, आणि तिने तर घोडा निवडलाही नव्हता. काकांच्या कपाळावर घाम, तोंडात मोदक, चेहऱ्यावर असं काही की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. इतके शनिवार रित्या खिशाने बसमधून परतलेला माणूस पहिल्यांदाच लागोपाठ जिंकत होता, आणि साऱ्या जगात त्याला खोटं पाडू शकेल असं कोणी नव्हतं.

बाहेर मूर्ती उचलायला माणसं खोळंबली होती. ढोलकी काकांची, ती दुसऱ्या कुणी वाजवायची नाही असा पंधरा वर्षांचा रिवाज. "काका, चला!" हाका येत होत्या. काका म्हणत होते, "ही एक. शेवटची."

बाबांनी मात्र वही उघडली होती. चष्मा पुसला, ठराव काढला आणि त्यावर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. स्वतः बांधलेलं यंत्र: आहे. दिवाणखान्यातला टीव्ही: आहे. सर्वांना दिसेल असा: दिसला. मग बोट थांबलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"रंगीत नाही," ते म्हणाले. "अट पुरी झाली नाही. सोमवारी कपडे भर. काका तुला बरोबर घेऊन जातील."

आईने पदर तोंडाला लावला. वहीत उतरलं की झालं. आणि खोटं तर काहीच नव्हतं. मी टीव्हीची तार काढायला वाकलो, तर डबा जागेवर नव्हता. तो काकांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तारा लोंबत होत्या, चिकटपट्टीची दोन अक्षरं त्यांच्या सदऱ्याला चिकटली होती, आणि माझ्या बापाकडे बघून ते भर देवापुढे ओरडले,

"पोरगं तुझ्याकडेच ठेव, दादा, मला हा डबा दे!"